नाण्यांचा निळा पट्टा

बेली डान्सचं खूळ माझं नव्हतंच, ते चेलनाचं. आम्ही दोघी एरंडोलच्या, एका गल्लीतल्या, एकाच वर्षी लग्न होऊन जळगावला आलो. एक दिवस तिचा फोन आला, "कुसुम, रिंग रोडला क्लास निघालाय. मी एकटी गेले तर लाजेने मरेन. तू चल." मी गेले. तिच्यासाठी विहिरीतही उडी मारली असती, हे तर नुसते दोन जिने होते.

घरी सांगितलं, योगा. शिकवणारी मयुरी भुसावळजवळच्या दीपनगरची, वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेली, आमच्याहून दहा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "ताई, पोट आत का ओढलंय? सैल सोडा." दोन सिझेरियननंतर अकरा वर्षं मी ते आत ओढूनच जगत होते, फोटोत, लग्नाकार्यात, सासूबाईंसमोर. सोडलं, आणि मला चक्क रडू आलं. चेलना हसली नाही. तिने माझा हात धरला. म्हणून तर पुढचं सहन होत नाही.

चेलनाने सुरतेहून नाण्यांचा निळा पट्टा आणला होता. कमरेला बांधला की नुसतं वळलं तरी छुमछुम वाजायचा. मी आपली ओढणीची गाठ मारायचे. मंगळवार आणि शुक्रवार, चार ते पाच. आठवड्यातले तेवढे दोन तास माझे होते.

मग चातुर्मास लागला. आमच्या जैन स्थानकात प्रवचन संपलं की बायका एकेक उभ्या राहून नियम घेतात. कुणी हिरवी भाजी सोडते, कुणी टीव्ही. साध्वीजी नियम देतात आणि सगळी सभा 'अनुमोदना' म्हणून कौतुक करते. त्या रविवारी चेलना उभी राहिली. मला वाटलं, ही आइस्क्रीम सोडणार.

"महाराजसाहेब," ती साध्वीजींना हात जोडून म्हणाली, "माझी मैत्रीण कुसुमलता डान्सच्या क्लासला जाते. तिला तो सोडायचाय, पण उभं राहायचा धीर होत नाही. तिला नियम द्या."

तीनशे बायका वळल्या. माझ्या शेजारी सासूबाई, हातात माळ. "कसला डान्स?" त्या पुटपुटल्या. मी चेलनाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

साध्वीजींनी विचारलं, "बेटी, मनापासून घेतेस ना? कुणाच्या आग्रहाने नको." त्यांनी वाट मोकळी ठेवली होती. पण भर सभेत उठून 'नाही, मला नाचायचंय' असं कोण म्हणेल? शिवाय मला वाटलं, चेलनाने केलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. "घेते," मी म्हटलं, "चातुर्मासापुरता." ते 'घेते' माझ्याच तोंडून गेलं, याचा राग अजून जात नाही.

बाहेर चपला शोधताना तिने कारण सांगितलं. पट्टा तिच्या सासूला कपाटात सापडला होता. "मी म्हटलं, कुसुमचा आहे. मग त्या हटूनच बसल्या, मैत्रीण म्हणवतेस तर सोडव तिचं हे. काय करू? तुझ्या सासूबाई साध्या आहेत गं. आणि मी तरी तुझ्याशिवाय जाणार आहे का?" तिचे डोळे भरले होते. मीच तिची समजूत घातली. आहे की नाही मी शहाणी?

चार महिने मी नियम पाळला. सासूबाई साध्या खऱ्या, पण दळण आणायला निघाले तरी 'योगाला का?' असं विचारायच्या. भाजी घेताना ओळखीच्या बायका थांबवून 'खूप खूप अनुमोदना हं' म्हणायच्या. पोट पुन्हा आत गेलं.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास उठला. पुढच्या मंगळवारी मी सासूबाईंना तोंडावर सांगितलं, "योगा नाही, डान्सला जातेय." त्यांच्या हातातली माळ थांबली. चेलनाला कळवलं नाही. आधी आपण जायचं आणि शुक्रवारी तिलाही ओढून आणायचं, असं ठरवलं होतं.

जिन्यात झाडू मारणाऱ्या धुरपदाबाई भेटल्या. "ताई, इतला दिन कोठे व्हतात? तुमनी मैतरीण तं एक दिन चुकनी नही. आतेबी वरच शे."

मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. मग वरून छुमछुम ऐकू आली.

चेलना पहिल्या रांगेत होती, माझ्या जागेवर. मला पाहून थबकली, मग हसली. "बरं झालं आलीस! तुझी जागा मीच राखून ठेवली होती."

मी हात पुढे केला. "पट्टा दे."

"अगं, हा तर माझा..."

"तुझ्या सासूबाईंना काय सांगितलंस? कुसुमचा आहे ना? दे मग."

सगळ्या बघत होत्या. तिने मयुरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शेवटी मान खाली घालून गाठ सोडायला लागली. गाठ लवकर सुटेना. मी मदत केली नाही.

पट्टा बांधून मी तिच्या पुढे उभी राहिले. गाणं लागलं. मयुरी जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, पोट सैल सोडा." मी सोडायला गेले. आरशात माझ्या मागे चेलना दिसत होती, आणि ते काही केल्या सैल होईना.