मी, गोगलगाईंच्या पाण्याचा ड्रम

मी एक जुना पाण्याचा ड्रम आहे. पांढरा, प्लॅस्टिकचा, कमरेएवढा उंच, खाली एक तोटी. मित्रांनो, तुमच्या निबंधांतल्या फाटक्या छत्र्या आणि झिजलेले बूट फार गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला माणसांचा राग आहे, आणि तो का आहे तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लॅस्टिक साच्यात फुगवून मला केलं, तेव्हा माझ्यात लोणच्याच्या काकड्या भरायच्या होत्या. पण २००१ साली कांचन नावाच्या एका बाईनं मला विकत घेतलं. ती नागपूरची. अमेरिकेत, मॉरिसव्हिलजवळच्या एका संशोधन संस्थेत नुकतीच लागली होती. तिनं मला साबण न लावता, नुसत्या पाण्यानं अकरा वेळा धुतलं आणि सिंकपाशी उभं केलं.

माझं काम ऐकून हसू नका. मी काहीच करायचं नव्हतं. सकाळी नळाचं पाणी माझ्यात भरायचं आणि दोन दिवस उघडं ठेवायचं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, तो उडून जातो. मग ते पाणी कांचनच्या गोगलगाईंना मिळायचं. बटणाएवढ्या, चपट्या, तपकिरी गोगलगाई. लेट्यूसची पानं खायच्या आणि काचेला चिकटून बसायच्या.

त्या गोगलगाईंत एक जंत वाढायचा. गरम देशांत, तळ्यात आणि कालव्यात उतरणाऱ्या माणसांच्या कातडीतून तो आत शिरतो. मग वर्षानुवर्षं रक्तात राहतो, अंडी घालतो, यकृत सुजवतो. शिस्टोसोमियासिस म्हणतात त्या रोगाला. कोट्यवधी लोकांना होतो, पण ते लोक गरीब असल्यामुळे त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. औषध एकच. कांचनकडचा जंत मात्र आफ्रिकेतल्या एका धरणाकाठच्या मासे विकणाऱ्या बाईच्या पोटातून आला होता, आणि ते एकमेव औषध तीन वेळा घेऊनही तो मेला नव्हता. का मेला नाही, हेच कांचनला शोधायचं होतं. असा जंत तिच्याखेरीज कोणाकडे नव्हता. तो बाटलीत जगत नाही. गोगलगाईतून उंदरात, उंदरातून पुन्हा गोगलगाईत, अशी फेरी अखंड चालू ठेवावी लागते. फेरी तुटली की वंश संपला. सहा वर्षं कांचननं ती तुटू दिली नाही. दिवाळीला नाही, स्वतःच्या ऑपरेशनच्या आठवड्यातही नाही.

त्याच खोलीत देवदत्त काम करायचा. तो पुण्याचा, घर शेजारच्या कॅरी गावात. तो काळ्या आजाराच्या जंतूंवर काम करायचा, त्यांना माझं पाणी लागत नसे. पहिली दोन वर्षं दोघांचं बरं होतं, डबेसुद्धा वाटून खायचे. मग २००३ साली एका परिषदेत देवदत्तनं आपल्या भाषणात कांचनच्या जंतांचा फोटो दाखवला आणि खाली तिचं नाव टाकलं नाही. कांचननं परत आल्यावर साहेबांसमोर त्याला चोर म्हटलं. तो म्हणाला, घाईत राहून गेलं. ती म्हणाली, तुझं नाव बरं राहत नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

फरशीवर निळी चिकटपट्टी लागली. इकडे ती, तिकडे तो. सिंक मात्र एकच, आणि मी सिंकपाशी, बरोब्बर पट्टीवर. मग माझं काय झालं? माझ्या पोटावर चिठ्ठ्या लागू लागल्या. ‘ड्रमला हात लावू नये. कांचन.’ ‘सिंक कोणाच्या वडिलांचं नाही. देवदत्त.’ ‘लेट्यूसचा वास येतो.’ ‘नाक धरावे.’ आपलं भांडण अमेरिकन लोकांना कळू नये म्हणून हे सगळं मराठीत. एवढी शिकलेली माणसं, आणि त्यांच्यात तीन पावलांचं अंतर. माझं अंग चिकटपट्टीच्या डागांनी भरून गेलं. मला विचारलं कोणी?

मला भरायचं काम कांचनच्या मदतनिसाचं, इलाचं. इला चाळिशीची, अमेरिकेतच, ॲन आर्बरला जन्मलेली, आईवडील मराठी. तिला मराठी बोललेलं समजायचं, पण वाचता येत नव्हतं. त्या चिठ्ठ्यांकडे ती भिंतीवरच्या नक्षीसारखी बघायची.

२००७च्या मार्चमध्ये एका सकाळी देवदत्त आला आणि त्यानं माझ्यावर एक चिठ्ठी लावली. नेहमीपेक्षा लांब. मी ती दिवसभर पोटावर वागवली, म्हणून मला ती पाठ आहे. ‘एक एप्रिलपासून पाण्यात क्लोरिनऐवजी क्लोरामाइन घालणार आहेत. ते कितीही दिवस ठेवलं तरी उडत नाही. गोगलगाई मरतील. पाळीव माशांच्या दुकानात ते मारणारे थेंब मिळतात, ते घालावेत.’ देवदत्तच्या घरी पाण्याच्या बिलासोबत सूचना आली होती. त्याच्या बायकोचे, शोभनाचे, सोनेरी मासे होते, म्हणून घरात ती नीट वाचली गेली. कांचन भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहायची. पाणी भाड्यातच धरलेलं, तिला बिल यायचंच नाही.

संध्याकाळी इला म्हणाली, “कांचन, देअर इज अ न्यू नोट ऑन द ड्रम. इट्स अ लाँग वन.”

कांचन सूक्ष्मदर्शकातून मान वर न करता म्हणाली, “फाडून टाक. त्याचं मी काही वाचत नाही आता. माझं ब्लडप्रेशर वाढतं.”

“यू शुअर?”

“शंभर टक्के.”

इलानं ती फाडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी ओरडू शकत नाही. ओरडता आलं असतं तर त्या दिवशी खोलीच्या काचा फुटल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी देवदत्तनं पाहिलं, चिठ्ठी नाही. म्हणजे तिनं वाचली, असं धरून तो कामाला लागला. “मिळाली का?” एवढं विचारायलाही त्याच्या तोंडाचं कुलूप निघालं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी माझं पाणी सगळ्या टाक्यांत गेलं. त्याआधी कांचननं नेहमीप्रमाणे क्लोरिन तपासायची पट्टी बुडवून पाहिली. पट्टी पांढरीच राहिली, कारण ती क्लोरामाइन दाखवत नाही. बुधवारी गोगलगाई शंखाबाहेर लोंबू लागल्या. गुरुवारी सगळ्या मेल्या होत्या. कांचननं टाकीत हात घालून एकेक उचलली, नखानं हलवून पाहिली, आणि ताटलीत ठेवत गेली. ती रडली नाही. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं.

“ह्याला कोणीतरी सोप लावलाय,” ती म्हणाली.

साबणाच्या अंशानंही गोगलगाई मरतात, म्हणून खापर माझ्यावर. सहा वर्षं थेंबभर साबण न लागलेल्या माझ्यावर. तिनं बाह्या वर करून मला उकळत्या पाण्यानं घासलं, इतकं की तोटी ढिली झाली. मग ॲन आर्बरच्या एका प्रयोगशाळेतून ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून नव्या गोगलगाई मागवल्या. जंत आता फक्त सात उंदरांत उरला होता. तिनं चार उंदीर मारले, यकृतातून अंडी काढली आणि ती फोडायला माझंच पाणी घेतलं, चार दिवस ठेवलेलं. अंड्यांतून पिल्लं निघाली, जरा वेळ पोहली आणि थांबली. त्याच आठवड्यात नव्या गोगलगाईही गेल्या.

हे सगळं देवदत्त पट्टीपलीकडून बघत होता. आपण सांगूनही ही ऐकत नाही, मरू दे, असं त्याला वाटत होतं. हे तो नंतर स्वतःच म्हणाला. मी मात्र त्याचा चेहरा रोज बघत होतो. त्याला थोडी मजाही वाटत होती. ते तो कधी म्हणाला नाही.

मे महिन्यात कांचननं शेवटचे तीन उंदीर वापरले. पुन्हा तेच. रिकामी काचेची बशी हातात घेऊन ती चार वर्षांत पहिल्यांदा निळी पट्टी ओलांडून गेली.

“तूच माझ्या ड्रमला सोप लावलास. ॲडमिट कर.”

देवदत्त उठून उभा राहिला. “सोप? तू थेंब घातलेस की नाही पाण्यात?”

“कसले थेंब?”

“क्लोरामाइन मारायचे! मार्चमध्ये लिहून लावलं होतं मी. एवढी मोठी चिठ्ठी. वाचली नाहीस?”

कांचननं इलाकडे पाहिलं. इला पांढरीफटक पडली होती. “आय टोअर इट,” ती म्हणाली. “यू टोल्ड मी टू. आय कान्ट रीड इट, कांचन.”

मग कांचन देवदत्तला म्हणाली, “तीन पावलं होती. तोंडानं सांगायला काय झालं होतं?”

“तू ऐकलं असतंस?”

“नाही,” ती म्हणाली.

मित्रांनो, इथे दोघांनी एकमेकांची क्षमा मागितली असं तुम्हाला वाचायचं असेल. तसं झालं नाही. देवदत्त पुन्हा स्टुलावर बसला. कांचननं ती बशी धुऊन उपडी ठेवली. तिचा शोधनिबंध परीक्षकांनी परत पाठवला होता, प्रयोग पुन्हा करून दाखवा म्हणून. दाखवायला जंतच उरला नव्हता. २००८ साली ती एका कंपनीत औषधाच्या गोळ्या तपासायच्या नोकरीला गेली. तिची अर्धी खोली देवदत्तला मिळाली, आणि पडलेल्या चेहऱ्यानं तो तिथे एकटाच काम करायचा. तसं काम करण्यात त्याला सुख होतं असं मला दिसलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

मला मागच्या दारी नेऊन ठेवलं. आता माझ्यात मीठ भरतात, बर्फ पडला तर पायऱ्यांवर टाकायला. येणारे-जाणारे माझ्यावर कॉफीचे कप ठेवतात.

अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूंनी म्हणायचं असतं की आमची काळजी घ्या, आम्हाला फेकू नका. मला खुशाल फेका. पण त्या धरणाकाठी बायका अजून पाण्यात उतरतात, औषध घेतात, आणि काहींना ते लागू पडत नाही. का पडत नाही, ते कळण्याची एक वाट होती. ती दोन हुशार माणसांनी अबोल्यात बुडवली, आणि बुडवायला पाणी माझं वापरलं. तुम्हीही मोठे व्हाल, शिकाल, कोणाशी तरी तुमचं फाटेल. भांडा, हवं तेवढं भांडा. पण तिसऱ्या कोणाचा जीव ज्यात अडकलाय, ते आधी ज्याच्याशी फाटलंय त्याच्या तोंडावर जाऊन सांगा, आणि मग भांडा.