तटावरची हाक

स्वानंदनं कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खुर्ची मागे सरकवली.

"आवाज मोठा आहे," तो म्हणाला. "खूपच मोठा आहे. पण भीती वाटत नाही, पौर्णिमाताई."

अकोल्यात जठारपेठेत, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचं छोटंसं ऑफिस होतं. तिथे तीन वर्षांपासून एक व्हिडिओ गेम तयार होत होता. पाचएकशे वर्षांपूर्वीचा काळ, एक काल्पनिक राज्य, काळगड नावाचा किल्ला आणि त्या किल्ल्याखालच्या माळावर होणारी मोठी लढाई. खेळणारा राजा नव्हता की सरदार नव्हता. हातात भाला घेतलेला साधा शिपाई होता. समोर हजारो सैनिक, घोडे, हत्ती. पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. पण कॉलेजची जी मुलं खेळून बघायला येत, ती त्या लढाईकडे यात्रेकडे बघावं तशी बघत. एकजणही दचकत नव्हता.

"मी अजून दोन हजार सैनिक घालू शकते," अबोली म्हणाली. गेमचं सगळं प्रोग्रामिंग तिच्याकडे होतं. "पण मग यात्राच मोठी होईल."

गेमचे आवाज करणाऱ्या पौर्णिमाकडे बघणं स्वानंदनं टाळलं. "बाहेर लढाईचे तयार आवाज विकत मिळतात. मला वाटतं, आपण तेच घेऊ. गेममध्ये तुमचं नाव राहीलच."

"काम केलं तरच नाव राहू द्या," पौर्णिमा म्हणाली. "मला होळीपर्यंत वेळ हवा."

"त्यात वेगळं काय करणार?"

"ते अजून माहीत नाही. पण होळीपर्यंत तयार आवाज घेऊ नका."

ती चाळिशीची होती. अमरावतीत साईनगरला भाड्याच्या एका खोलीत तिचा स्टुडिओ होता. भिंतींना गाद्या लावलेल्या, खिडकी कायमची बंद. भजनी मंडळांची भजनं, शाळांच्या गॅदरिंगची गाणी, शिकवणीवर्गांच्या जाहिराती, निवडणुकीत रिक्षावरून फिरणाऱ्या घोषणा, असं सगळं तिनं त्या खोलीत रेकॉर्ड केलं होतं. ऐकणाऱ्याला ते कुणी रेकॉर्ड केलं याचं काही पडलेलं नसे. लग्न झालं होतं, चार वर्षांत मोडलं. त्यानंतर माणसांपेक्षा आवाजांशीच तिचं जास्त जमलं.

अमरावतीच्या एसटीत बसल्यावर तिनं आपलीच लढाई पुन्हा ऐकली. लोखंडी सळया आपटून केलेल्या तलवारी चांगल्या होत्या. घोडे चांगले होते. माणसं मात्र वाईट होती. चार जणांना स्टुडिओत ओरडायला लावून तोच आवाज तिनं शंभरदा एकावर एक चढवला होता. गर्दी झाली होती, पण त्या गर्दीत कुणी कुणाचं नव्हतं.

बडनेरा येईपर्यंत तिचं ठरलं. खरी माणसं, खरं वावर, खरी धूळ.

मोर्शीजवळच्या गावात तिचे आईवडील राहत. संत्र्याचा बगीचा आणि थोडं कोरडवाहू वावर. पुंजारामनं, तिच्या बापानं, तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि संध्याकाळी पारावर जाऊन जाहीर केलं, "माया पोरीले लढाई पायजे. उद्या सकायी आमच्या वावरात या सारे. काठ्या आना, पन डोकी फोडू नोका."

"लढाचं कोनासंग, काका?"

"कोनासंगच नाई. नुसतं बोंबलत पयाचं."

तूर निघालेल्या वावरात सकाळी सगळं गाव जमलं. पौर्णिमानं मधोमध दोन माइक रोवले, काही माणसांच्या छातीशी बारके माइक बांधले. लांबून येणारा आवाजही हवा होता, म्हणून एक वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या कडूलिंबाखाली ठेवला. तिथे बायका पाण्याचे हंडे घेऊन बसल्या होत्या. तिची आई पार्वताबाईही त्यांच्यातच होती.

पहिल्या वेळी माणसं धावली आणि हसली. वरातीत नाचावं तसा आवाज आला. दुसऱ्या वेळीही तेच. मग पौर्णिमानं त्यांचे दोन गट केले, समोरासमोर उभे केले आणि मधल्या पट्ट्यात ट्रॅक्टर फिरवून धूळ उडवली.

"आता समोरचा दिसणार नाई," ती ओरडून म्हणाली. "थांबायचं नाई. मी शिटी मारेपर्यंत कोनीच थांबायचं नाई."

पुंजाराम सत्तरीचा असूनही पहिल्या रांगेत होता. दोन्ही बाजू धुळीत शिरल्या. काठ्यांवर काठ्या बसल्या. कुणीतरी खरंच लागल्यासारखं ओरडलं. आणि पुंजारामचा पाय तुरीच्या खुटाला अडला. तो पालथा पडला. मागून येणाऱ्यांना तो दिसलाच नाही.

तेव्हा कडूलिंबाखालून हाक आली.

"पुंजारामऽऽ!"

सगळं वावर जागच्या जागी थांबलं. धूळ खाली बसू लागली. हाक कुणी मारली, हे कळल्यावर माणसं पडलेल्या पुंजारामकडे बघायच्या आधी तिच्याकडेच बघत राहिली. पार्वताबाईनं नवऱ्याला आयुष्यात कधी नावानं हाक मारली नव्हती. लग्नात, हळदीकुंकवात उखाण्यात नाव घेतलं असेल तेवढंच. एरवी 'अवो', नाहीतर 'आयकलं का', नाहीतर 'पोर्णिमाचे बाबा'. ती खुटांवरून अनवाणी धावत आली, नवऱ्याच्या डोक्याखाली मांडी घातली आणि पदर तोंडात धरून बसली.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. मोर्शीच्या दवाखान्यात हात गळ्यात बांधून दिला आणि दुपारी घरी पाठवलं. बापाचं हाड आपल्या लढाईपायी मोडलं म्हणून पौर्णिमा त्याच्यासमोर येणं टाळत होती. त्यानंच तिला जवळ बोलावलं.

"झाली का लढाई?"

"झाली, बाबा."

"मंग आयक तं खरं. नाईतं कायले पडलो मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून तिनं सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. पावलं, काठ्या, दम लागलेले श्वास. आधीपेक्षा कितीतरी खरं होतं. मग कडूलिंबाखालच्या माइकवरची ती हाक आली, आणि आपण मान वळवून मागे बघितलं हे पौर्णिमाच्या नंतर लक्षात आलं. बाप घरात खाटेवर पडलेला आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं मागे बघितलं होतं.

तिनं रेकॉर्डिंग थांबवलं. तिच्या लढाईतले सगळे आवाज समोरून येत होते आणि सगळे सगळ्यांसाठी होते. ही हाक पाठीमागून आली होती आणि एकाच माणसासाठी होती.

पार्वताबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. कालपासून गावातल्या बायका येता-जाता पदराआड हसत होत्या, म्हणून ती घराबाहेर पडली नव्हती.

"आई, तू काल हाक मारली ना…"

"थे पुसून टाक."

"काहून?"

"काहून म्हंजे? म्या त्यायले बलावलं. तुया खेळाले नाई बलावलं."

"तसा आवाज मले इतक्या वर्षांत भेटला नाई, आई. तुयं नाव कोनालेच समजनार नाई."

"त्यायचं तं समजन." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "गावानं आयकलं, तेवळं बस झालं."

पौर्णिमाच्या ओठांवर पुष्कळ काही आलं होतं. हे काम हातचं जाईल, असं म्हणता आलं असतं. न विचारता वापरताही आलं असतं, आईला कधीच कळलं नसतं. ती उठली. आतल्या खोलीत गेली, बापाच्या खाटेशी बसली आणि रेकॉर्डर हातात घेतला.

"पुसाच्या आंधी मले आयकू दे एकडाव," पुंजाराम म्हणाला.

तिनं हेडफोन त्याच्या कानांवर नीट बसवले. तो छताकडे बघत ऐकत होता. हाक आली तेव्हा त्याचा मोकळा हात चादरीवर उघडला आणि हळूच मिटला.

"पुन्हा लावू?"

"नाई. एकडावच मारली ना तिनं." त्यानं हेडफोन तिच्याकडे दिले. "पूस आता."

तिनं त्याच्या डोळ्यांदेखत ते पुसलं.

आईची हाक गेली होती, पण तिच्यातून जे कळलं होतं ते कुठे जाणार नव्हतं. पौर्णिमा त्याच दुपारी गावातल्या बेबीताईच्या गच्चीवर गेली. तिथे बायका चादरीवर मुगवड्या घालत होत्या. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, काल जे झालं तसं मला हवं आहे, पण चोरून नको, तुमच्याकडून मागून घेतलेलं हवं आहे. मग तिनं त्यांना किल्ला सांगितला. वर तट आहे. तटावर तुम्ही उभ्या आहात. खाली माळावर धूळच धूळ आहे आणि त्या धुळीत तुमचा माणूस आहे. काय म्हणून हाक माराल?

"अवो म्हनन, अजून काय!" विमल म्हणाली. पौर्णिमाच्या बरोबरीची, शाळेतली तिची मैत्रीण. सगळ्या हसल्या.

"तटावर साऱ्याच बाया 'अवो, अवो' करून राहिल्या. खाली त्याले कसं समजन, आपली कोनती?"

हसणं थांबलं. विमलनं बोटांचं पीठ ताटाच्या काठाला पुसलं. "खरंच व्हय," ती म्हणाली. "मंग तं नावच घ्या लागन."

एकेक जण कठड्याशी उभी राहिली. कुणी लेकाला हाक मारली, कुणी भावाला. विमलनं नवऱ्याचं नाव घेतलं आणि लाजून खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा घेतलं. दुसऱ्या वेळी आवाज खरा लागला, तेव्हा ती लाजली नाही.

बेबीताई सगळ्यांत शेवटी उठली. साठीची बाई. तिच्या नवऱ्याला, शेषरावला, जाऊन बरीच वर्षं झाली होती. कुणी तिला उठायला सांगितलं नव्हतं.

"मले मारू दे एक," ती म्हणाली.

"मारा ना, बेबीताई."

"उखान्यात लय खेपा नाव घेतलं त्यायचं. हाक कदीच मारली नाई. पंप चालू कराले गेले, शॉक लागला. लोकायनं घरी आनलं तवा हाक माराची येळ निंघून गेलती."

ती वावराच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि सगळ्या दमानं तिनं हाक मारली.

"शेषरावऽऽ!"

मग ती तशीच उभी राहिली, मान किंचित कलती करून. गच्चीवर कुणी हललं नाही. पौर्णिमानं रेकॉर्डर बंद केला नाही.

बऱ्याच वेळानं बेबीताईनं विचारलं, "कोन आयकन हे?"

"लांबलांबची पोरं ऐकतील, बेबीताई. तुम्हाले नको असन तं आताच पुसतो."

"राहू दे. आयकू दे त्यायले."

होळीच्या आधी पौर्णिमा अकोल्याला गेली. तिच्या मागण्या ऐकून स्वानंदनं कपाळाला हात लावला. धूळ इतकी वाढवायची की जवळची सात-आठ माणसंच दिसावीत. नगाऱ्यांचा आवाज कमी करायचा. आणि हाका तटावरून, म्हणजे खेळणाऱ्याच्या पाठीमागून यायला हव्यात.

"ताई, हत्तींवर आम्ही वर्ष घालवलं आहे. ते तुम्ही धुळीत लपवणार?"

"हत्ती लांबून दिसला की तो चित्रातला हत्ती होतो. धुळीतून एकदम पुढ्यात येऊ द्या."

"आणि आवडलं नाही तर?"

"तर तयार आवाज घ्या, मी नाव काढून घेते. पण आधी हे करून बघा. अर्धवट नको, जसं सांगते तसं."

अबोली मध्येच म्हणाली, "मी करते." आणि पुढचा आठवडाभर दोघी त्या एकाच टेबलाशी बसल्या. हाक किती लांबून यावी, वारा असताना किती विरावी, माणूस तटापासून दूर गेला की ती कशी बारीक व्हावी, हे सगळं पौर्णिमा पुन्हा पुन्हा बदलायला लावत होती. अबोली कुरकुरत होती आणि बदलत होती.

खेळून बघायला आचल नावाची कॉलेजातली मुलगी आली. ती सफाईनं खेळत पुढे गेली. धूळ आली. शेजारचा सैनिक दिसेनासा झाला. तिचे खांदे वर चढले. धुळीतून हत्तीचा पाय एकदम समोर पडला तेव्हा ती खुर्चीत मागे सरकली. मग पाठीमागून, उंचावरून, बेबीताईची हाक आली. आचलनं शत्रूकडे पाठ केली आणि तटाकडे वळून बघितलं. तिथे धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. तेवढ्यात भाला लागला आणि पडदा काळा झाला.

"का वळलीस?" स्वानंदनं विचारलं.

"माहीत नाही, सर." तिनं हेडफोन काढले. "कुणीतरी बोलावलं ना."

स्वानंदनं पौर्णिमाकडे बघून होकारार्थी मान हलवली. तयार आवाजांचा विषय तिथेच संपला.

आचल गेल्यावर तो म्हणाला, "एक सुचवू? या हाकेला उत्तर ठेवू या. 'आलो', असं काहीतरी. खेळणाऱ्याला बरं वाटेल."

"नको," पौर्णिमा म्हणाली.

अबोलीनं पडद्यावरची आवाजाची रेघ मोठी केली. "आणि हाकेच्या पुढे हे लांबलचक रिकामं आहे. नुसता वारा दिसतो. कापू?"

"कापू नका. ती वाट बघते आहे."

अबोलीनं माउसवरचा हात काढून घेतला. स्पीकरवर हाक पुन्हा वाजली आणि संपली. मग वारा आला, गच्चीवरच्या चादरीचं टोक फडफडलं, लांब कुठेतरी एक पंप चालू झाला. तिघंही ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.