सोडियमचा लहान गोळा

"बाई, एवढी साधी बेरीज येत नाही तुम्हाला?" मुख्याध्यापकांनी काचेच्या कपाटात मांडलेल्या अणू-आयनांच्या नमुन्यांतला एक लहान गोळा दोन बोटांत उचलला. त्यावर सोडियमच्या आयनाची चिठ्ठी होती, कोपऱ्यात अधिकचं चिन्ह. "अधिक आहे ना? मग अणूपेक्षा लहान कसा? उद्या पाहुण्यांपुढे माझं हसं करायचंय का?"

रसायनशास्त्राच्या बाईंनी समजावलं. सोडियम इलेक्ट्रॉन देतो म्हणून अधिक होतो. बाहेरचं कवचच जातं, म्हणून आकसतो. क्लोरीन इलेक्ट्रॉन घेतो, उणे होतो आणि फुगतो. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते. ते मुळात कोणत्या विषयाचे मास्तर, हे कोणाला आठवत नव्हतं. खुर्चीत बसल्यापासून ते सगळ्याच विषयांचे झाले होते. बाईंना नोकरीत कायम करण्याची फाईल त्यांच्याच टेबलावर होती. तिच्यावर ते चहाचा कप ठेवत.

गणिताचे सर आणि भौतिकशास्त्राच्या मॅडम शेजारीच उभे होते. दोघांनाही खरं काय ते ठाऊक होतं. सरांना खडूची डबी तपासावीशी वाटली, मॅडमना फोन आला. डोक्यात पदवी आणि कण्यात कापूस.

बाईंनी दोन्ही आयनांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. सोडियमचा आयन मोठा झाला, क्लोरीनचा लहान. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, रंग छान आहेत म्हणाले, खाऊनपिऊन गेले. बाई कायम झाल्या.

पुढच्या चाचणीत त्यांनीच प्रश्न घातला: सोडियमचा अणू मोठा की आयन? वर्गात सगळ्यांनी पुस्तकातलं उत्तर घोकून लिहिलं. कपाटावर विसंबलेली एकच निघाली, बाईंची स्वतःची लेक. त्यांनी तिच्या उत्तरावर लाल फुली मारली.

घरी लेकीने पेपर पुढे धरला. "आई, कपाटात तूच मांडलंयस ना? मग चूक कसं?"

"पुस्तक बघायचं होतंस."

"बघितलं होतं. मला वाटलं, पुस्तकच चुकलंय."

बाई भांडी घासत राहिल्या. घासलेलं पातेलं पुन्हा घासलं.

सकाळी शाळेत पोचताच त्यांनी कपाट उघडून चिठ्ठ्या जागच्या जागी लावल्या. कोणी हूं की चूं केलं नाही. मुख्याध्यापक येता-जाता त्या काचेत बघून भांग नीट करतात. लहान गोळा त्यांच्या नाकासमोर असतो.

लेक अजून आईलाच शंका विचारते. उत्तर ऐकते, मान हलवते, आणि मग पुस्तक उघडून बघते.