काचेला न दिसलेली बोटं

"हात धुऊन धुऊन आता हाडं दिसायला लागतील, पण ह्या मेल्या काचेचं काही समाधान होत नाही," वन्सं माझ्या कानाशी पुटपुटल्या.

ओला रुमाल त्यांनी माझ्या मांडीवर टाकला आणि चार बोटं पुन्हा त्या हिरव्या उजेडाच्या काचेवर ठेवली. पडद्यावर चार पांढरट ढग आले. त्यांत रेघ म्हणून नव्हती. कारकूनबाईंनी काच पुसली, वन्संच्या बोटांना मलम लावून पाहिलं, मग नुसतं दाबून पाहिलं. शेवटी त्या वन्संकडे अशा बघायला लागल्या, जणू समोरच्या बाई खुर्चीत आहेत की नाहीत याचीच त्यांना शंका यावी.

सोनं आणि रत्नं विकायचा परवाना माझ्या सासऱ्यांच्या, मामंजींच्या नावावर होता. ते गेले आणि त्यांच्यामागोमाग परवानाही गेला. तो मुलांकडे आपोआप येत नाही, हे आम्हाला कळायलाच चार महिने लागले. महिनाअखेर नवा काढला नाही तर दुकान बंद. शिवाय जो जो मालाला हात लावतो, त्याच्या दहाही बोटांचे ठसे हवेत. असे आमच्यात दोघंच. अर्जदार म्हणून आमचे हे, आणि कारागीर म्हणून त्यांची थोरली बहीण, म्हणजे वन्सं. मी आपली सोबतीला आले होते, रुमाल धरायला.

ह्यांचे ठसे सकाळी पहिल्याच फटक्यात उमटले. आणि काय देखणे! प्रत्येक बोटावर पाण्यात खडा टाकावा तशी वलयं. कारकूनबाई म्हणाल्या, असे ठसे रोज बघायला मिळत नाहीत. हे जरा फुलले. मी मनात म्हटलं, न वापरलेली वस्तू नवीच राहते.

वन्संनी मात्र तीस वर्षं बोटं वापरली. ओल्या चाकावर दगड घासायचा, पैलू पाडायचे, मग शेवटची झिलई बारीक पूड घेऊन बोटाच्या टोकानं द्यायची. मध्येच कोणी सोनं आणलं की काळ्या दगडावर त्याची रेघ ओढून वर तेजाबाचा थेंब सोडायचा. दगडाबरोबर बोटही घासलं जातं, हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वन्संच्याही नाही.

ती खोली मोठी होती, खिडक्यांना दुधी काचा. दुपारचा उजेड त्यांतून गाळून यायचा आणि बाकांवर बसलेली माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसायची. कोपऱ्यातल्या पाण्याच्या बाटलीतून मधूनच एक बुडबुडा वर जाई. माझे डोळे जड झाले. मला उगाच चाकाचा आवाज ऐकू यायला लागला.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी दुपारची त्या आवाजावर झोपते. खालून घरघर येत राहते आणि झोपेत वाटतं, घराखालून एक नदी चाललीय आणि काठाशी वन्सं बसल्यात. जाग आली की मी खाली जाई. वन्सं खिडकीत असायच्या, दगड डोळ्याशी धरलेला, गालावर त्याचा रंग सांडलेला. मला विचारायच्या, आत काय दिसतं गं? मला आपला काचेचा तुकडा दिसायचा. त्या सांगायच्या, ह्यात धूर अडकलाय. ह्यात कुणीतरी दार अर्धवट उघडं टाकून गेलंय. ह्यात आत्ताच पाऊस पडून गेलाय. गंमत अशी, की त्या पावसावरूनच त्या ओळखायच्या, दगड जमिनीतला की भट्टीत बनवलेला. कधी चुकल्या नाहीत.

मग बाहेर आमचे हे भिंग डोळ्याला लावून गिऱ्हाइकाला तेच सांगायचे, घसा साफ करून. मामंजी शेजारी बसून म्हणायचे, माझ्या मुलाला उपजत नजर आहे.

आता घरातलं सांगते. ह्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. पहिल्या वर्षी ह्यांनी माझ्यासाठी हिरवा म्हणून आणलेला स्वेटर चांगला तपकिरी होता. मी तो सात हिवाळे हिरवा म्हणूनच घातला. मामंजींना माहीत होतं, वन्संना माहीत होतं. वन्संनी दगडांच्या पुड्यांनाच तशा घड्या घालायला सुरुवात केली: माणकाच्या पुडीचा कोपरा आत, पाचूच्या पुडीचा बाहेर. बोलायचं मात्र कुणी नाही. बोललं असतं तर ती उपजत नजर गेली असती, आणि लोक नजरेसाठी तर यायचे.

"या आत," कुणीतरी म्हणालं. मी दचकले.

आतले साहेब सर्दीनं बेजार झालेले, पण माणूस मऊ होता. त्यांनी वन्संची बोटं खिडकीकडे वळवून निरखली आणि म्हणाले, असे हात त्यांनी यापूर्वी एका गवंड्याचे पाहिलेत. मग दोन वाटा सांगितल्या. एक, झिजलेल्या बोटांसाठी वेगळा अर्ज, डॉक्टरचा दाखला, वरची मंजुरी. दोन-तीन महिने जातील, तोवर दुकानाला कुलूप. दुसरी सोपी. बहिणीचं नाव खोडायचं. भावाचे ठसे उत्तम आहेत, परवाना संध्याकाळपर्यंत हातात. फक्त मग बाईंनी मालाला हात लावायचा नाही. चाक नाही, सोनं नाही, पुडीसुद्धा नाही. तपासणीला माणसं न सांगता येतात.

"म्हणजे कागदोपत्री," हे म्हणाले.

साहेब नाक पुसून म्हणाले, आमच्याकडे सगळं कागदोपत्रीच असतं.

वन्संनी एक क्षणही घेतला नाही. खोडा म्हणाल्या. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, पाठ दुखते, बसेन आरामात. डोळ्यांबद्दल धडधडीत खोटं बोलत होत्या. आणि बोलताना त्यांचा अंगठा बाकीच्या चारही बोटांवरून फिरत होता, एकेक पैलू तपासावा तसा.

मला उद्याची दुपार दिसली. नदी आटलेली, खिडकीत रिकामा पाट, आणि वन्सं वरच्या खोलीत भिंतीकडे बघत. मी तोंड उघडलं. पण इतक्या वर्षांची सवय ओठांनाही लागते. ते आपले आपण मिटले.

साहेबांनी पट्टी लावून वन्संच्या नावावर पेन्सिलीची बारीक रेघ ओढली. सही झाली की पक्की करू, म्हणाले, आणि कागद ह्यांच्यापुढे सरकवला. खाली छापलं होतं: मालाची परीक्षा मी स्वतः माझ्या नजरेनं करतो.

ह्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं, ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"सही कर, धाकट्या," वन्सं हळूच म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."

हे त्यांच्याकडे बघत राहिले. चेहऱ्याकडे नाही, मांडीवरच्या त्यांच्या हातांकडे. इतकी वर्षं ह्यांनी ते हात नीट पाहिलेच नव्हते की काय, असं मला वाटलं. साहेबांनी विचारलं, काही शंका आहे का?

ह्यांनी पेन कागदावर आडवं ठेवलं.

"शंका नाही, साहेब. मला लाल आणि हिरवा एकच दिसतो, लहानपणापासून. दुकानातला एकेक दगड ताईनं पारखलाय, मी फक्त बोलायचो. परवाना तिच्या नावानं करा. लागले तीन महिने तर लागू देत."