डावीकडची चाकं

ओरखडे फक्त डावीकडच्या चाकांवर होते. उजवीकडची दोन्ही चाकं निकोप. डावीकडच्या दोन्हींच्या कडांचा रंग उडून लोखंड उघडं पडलेलं. तनुजाने ओल्या फडक्याने धूळ पुसून खात्री करून घेतली. एकाच बाजूला पुन्हा पुन्हा घडतं, त्याला चूक म्हणत नाहीत. त्याला कारण असतं.

कारण तिला ठाऊक होतं. तिच्या वडिलांचा, ज्ञानदेव आप्पांचा, डावा डोळा काचबिंदूने जवळजवळ गेला होता. "गाडी बंद करा. घरच्यांनीच सांगा," असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं. आप्पांच्या मते थेंब घातले की विषय संपला. ते नातीला, ओवीला, शेजारी डाव्या सीटवर बसवून रोज क्लासला सोडत होते.

तनुजाची जीभ काही रेटेना. तिने पळवाट काढली.

"आप्पा, आपल्या गाडीला अलॉयची चाकं शोभतील."

एवढ्या जुन्या गाडीच्या मापाची नवी मिळेनात, म्हणून नाना पेठेतल्या जुन्या बाजारातून तिनेच चार वापरलेली आणली, मुद्दाम सर्वांत खराब. जुनी चाकं तिने बदल्यात देऊन टाकली आणि गाडी विटांवर चढली. ओवी रिक्षाने जाऊ लागली.

आप्पा पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसत. जुना रंग खरवडायचा, खाचांत लांबीचा लगदा भरायचा, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचं. झालं म्हणाले की तनुजा कडेवरून बोट फिरवी. "इथे अजून अडकतंय." अडकत काहीच नसे. आप्पा पुन्हा घासायला बसत. त्यांच्या बोटांची सालं निघाली, तरी ती बोट फिरवतच राहिली.

"हिचं बोट म्हणजे सूक्ष्मदर्शक," ते शेजाऱ्यांना ऐकवत. "पोळी मात्र अजून गोल होत नाही."

तरी एकदाचं घासायला काही उरलं नाही. रंग चढला, आणि दसऱ्याला चाकंही चढली. चांदीसारखी चमकत होती. सोसायटीतले शेजारी जमले, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. ओवी टुणकन डाव्या सीटवर बसली.

"आप्पा, आज नुसती पूजा करू या," तनुजा गाडीसमोर उभी राहत म्हणाली.

"पूजा गाडीची आहे, पुतळ्याची नाही. सरक."

लिंबं फुटली. गाडी फाटकाकडे निघाली आणि डावीकडच्या दगडी खांबाला खरखरत घासली. फाटकाशी उभा असलेला वॉचमन बद्रीनाथ उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. ओवी किंचाळली. तनुजाने धावत जाऊन तिला बाहेर ओढलं.

आप्पा उतरले. "फाटक अर्धंच उघडलंस ना रे?"

"नाही आप्पा, पूर्ण उघडं आहे. बघा की."

"मला बघायला शिकवतोस? अहो श्रीनिवास, तुम्ही सेक्रेटरी ना? असली झोपाळू माणसं कशाला पोसता? आज सणाचा दिवस आहे, आजच काढा याला."

श्रीनिवासांनी सताड उघड्या फाटकाकडे पाहिलं, मग आप्पांकडे. सोसायटीत आप्पांना कोणी उलट बोलत नसे. "बद्रीनाथ, सामान बांध," ते म्हणाले.

बद्रीनाथ तनुजाकडे वळला. "ताई, तुम्ही पाहिलंत ना?"

तिने आधी चाक पाहिलं. जुन्या चाकावर होता त्याच जागी, नव्या रंगावर ओरखडा. मग हारातलं एक फूल तोडून ती आप्पांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली आणि ते त्यांच्या कानापासून वीतभर पुढे धरलं.

"आप्पा, मान वळवू नका. मी हातात काय धरलंय?"

"हा काय पोरखेळ? आधी समोर ये."

"समोर नाही. सांगा."

आप्पांची नजर सरळ पुढे, काहीच न शोधणारी. मागे कुणी तरी हसलं. मग सगळ्यांना समजलं, आणि कुणी हसेना. आप्पांनी चाचपडत हात पुढे केला. तो फुलाच्या खालून रिकामाच गेला. तिने फूल तसंच धरून ठेवलं, शेवटच्या माणसाला दिसेपर्यंत.

"फाटक उघडंच होतं," ती म्हणाली. "किल्ली द्या, आप्पा. यापुढे तुम्ही गाडी चालवायची नाही."