मोगरीचा पंचनामा

नंबराचा पिवळा बिल्ला टेबलावर पालथा पडला होता आणि त्याच्या दांड्याला एक पांढरा केस चिकटलेला होता — एकच, पण आसावरीला मघापासून तोच दिसत होता. दोन वर्षांपूर्वी मोगरीच्या कानात हा बिल्ला गुरांची डॉक्टर म्हणून तिनेच टोचला होता. गाय मान झटकून ओरडली होती आणि मालकीण ठकुबाईने तिच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं होतं, झालं, झालं बाय... आता बिल्ला विळ्याने कापलेला. आणि कापलेल्या बिल्ल्याला काडीची किंमत नाही. लम्पीने मेलेल्या गाईचे सरकारी तीस हजार हवेत, तर मेलेल्या गाईचा फोटो हवा, बिल्ला कानात हवा, डॉक्टरने जागेवर जाऊन पंचनामा केलेला हवा. सुटा बिल्ला काय, कोणीही आणेल. गाय बाजारात विकून बिल्ला तेवढा दवाखान्यात आणणारे महाभागही तिने पाहिले होते.

पण ठकुबाईने गाय विकली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारण रविवारी दुपारी फोन आला होता — ‘बाय, मोगरी गेली’ — आणि भिवंडीतल्या घरी पंख्याखाली आडवी पडलेली आसावरी म्हणाली होती, ‘उद्या सकाळी येते, ठकुबाई. झाकून ठेवा.’ का नाही गेले मी? ठकुबाईच्या गावचा, दिघाशीचा रस्ता बंद नव्हता, स्कूटर दारातच होती. कंटाळा आला होता, बस्स. आठ दिवस लसी टोचून मनगट भरून आलं होतं, हे खरंच. पण ती कारणं नंतर शोधलेली. त्या क्षणी नुसतं उठवत नव्हतं.

सोमवारी ती पोचली तेव्हा खड्डा बुजलेला होता, वर चुना, बाभळीच्या फांद्या. ठकुबाईकडे रीतच होती, गाय मेली की ती मातीआड होईपर्यंत त्या घरात चूल पेटत नाही. आणि पुरण्याआधी तिच्या अंगावरचं, माणसाने बांधलेलं सगळं काढायचं — दावं, गळ्यातली घाटी... ठकुबाईने बिल्लाही काढला. तिच्या लेखी तोही दाव्यासारखाच. बिल्ल्याला हात लावू नका, हे एक वाक्य फोनवर सांगायचं, तेही आसावरीला सुचलं नव्हतं.

‘मॅडम, एवढा काय विचार करताय?’ दवाखान्याचा परिचर दौलत दारातून म्हणाला. ‘रविवारची तारीख टाका. बिल्ला कानात होता, तुम्ही पाहिला, गाय बिल्ल्यासकट पुरली. ती आजारी पडली तेव्हाचा फोटो आहेच, आडवी पडलेली. तो लावा. म्हातारीला पैसे मिळतील, तुमच्यावरही काही येणार नाही.’

खोटं इतकं सोयीचं असतं... कोणाचंच वाईट नाही त्यात. कामतघरला इद्रीसच्या चहाच्या टपरीवर ठकुबाईचा दुधाचा रतीब होता. महिनाअखेरपर्यंत थांबतो, म्हणाला होता तो. पुढे दुसरा गवळी बघेल. तोवर दुसरी गाय आली नाही तर म्हातारीच्या हातात काय राहणार? आसावरीने लिहून काढलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिला जरा नवल वाटलं. मग बाकावर बसलेल्या ठकुबाईला तिने जवळ बोलावून सगळं वाचून दाखवलं.

ठकुबाईने पुढे केलेला अंगठा मागे घेतला.

‘बिल्ल्यासकट न्हाय पुरली,’ ती म्हणाली. ‘मी तिला मोकली केली. तसं लिव.’

‘तसं लिहिलं तर पैसे अडकतील.’

‘पैसं लागतीलच, बाय. न्हाय कशी म्हनू? पन तिला नंबर लावून धाडली, त्याच्यावर माझा अंगठा न्हाय.’

आणि आसावरीला अण्णांचं मनगट दिसलं — वडिलांचं, गेल्या वर्षीचं, चितेच्या लाकडांच्या फटीतून दिसलेलं, त्यावरची हॉस्पिटलची प्लास्टिकची पट्टी, नाव, खाटेचा नंबर. तिला दिसली होती ती. एक हाक मारली असती तर कोणीही कापून काढली असती. पण भटजी घाई करत होते, मिहिरच्या हातात पलिता होता, सगळे ताटकळलेले, आणि तिला वाटलं, आता कशाला... तशीच गेली पट्टी, त्यांच्यासोबत. भावाला, मिहिरला, तिने हे अजून सांगितलेलं नाही.

‘मी रविवारी यायला हवं होतं, ठकुबाई.’

‘येऊन काय केलं असतंस?’

‘फोटो काढला असता. कानाचा, बिल्ल्याचा. आणि तशीच पुरायला लावली असती.’

ठकुबाईने यावर जरा विचार केला. ‘मंग बरं झालं,’ ती म्हणाली, ‘आली न्हाईस ती.’

त्यात टोमणा नव्हता. आसावरीने तिचा चेहरा नीट पाहिला — असता तर बरं झालं असतं.

तिने कागद फाडला. दौलत बाहेर निघून गेला. नव्या कागदावर तिने लिहिलं: रविवारी दुपारी खबर मिळाली. मी गेले नाही. मालकिणीने रीतीप्रमाणे बिल्ला काढून गाय पुरली... वरचे साहेब यावर काय करतील? तिला नोटीस येईल, ते सोसता येईल. पण तीस हजार? विश्वास ठेवतील कोणी? आणि हे खरं आपण ठकुबाईसाठी लिहितोय, की स्वतःसाठी, तिच्या गाईच्या जिवावर? पेन मात्र थांबेना.

वाचून झाल्यावर ठकुबाईने समाधानाने मान डोलावली आणि शाईच्या पॅडवर अंगठा दाबला. दोन दिवस आसावरी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होती, आणि या बाईने ‘का आली नाहीस’ असं विचारलंही नव्हतं. हिने एकदा तरी, एकदाच, आपल्याला शिवी घालावी, असं तिला फार वाटलं.