'वाचा' उजवीकडे

मी पाटी बोलतेय. संकुलाच्या फाटकातून आत आलात की समोर दिसते ना, ती निळी, रुंद, पत्र्याची? तीच मी. लोक थांबतात, मला वरपासून खालपर्यंत वाचतात, मान हलवतात आणि मग फाटकावरच्या मामांना विचारतातच, "कुठे जायचं हो?" मला आता त्याचा राग येत नाही.

माझा जन्म इथलाच, पण तेव्हा इथे साबणाचा कारखाना होता. माझ्या अंगावर एकच ओळ होती: 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' ती मी इमानेइतबारे जगाला ऐकवत होते. पुढे कारखाना बंद पडला, यंत्रं गेली, माणसं गेली, मला मात्र कुणी नेलं नाही. एका खिळ्यावर लोंबकळत मी वाऱ्याबरोबर करकरत राहिले. आत यायला कुणी उत्सुक नव्हतं, तरी माझी आपली मनाई चालूच.

मग कधीतरी गावभर विखुरलेल्या सेवाभावी संस्थांनी एका कुंपणात यायचं ठरवलं. म्हणजे बघा, तोवर कुबड्या मिळायच्या गावाच्या एका टोकाला आणि कायद्याचा सल्ला दुसऱ्या टोकाला. पाय मोडलेल्या माणसाने कुबड्यांसाठी पायपीट करायची, अशी सगळी गंमत. आता स्वयंपाकघर एक, सभागृह एक आणि झेरॉक्सचं मशीनही एकच. भांड्याला भांडं लागायचंच. इथे ते कागद कुणी संपवला यावरून लागतं. पण दुपारी एकाच लांब टेबलाशी जेवायला बसले की भांडण कुणाचं होतं तेही विसरतात.

संकुल चालवणाऱ्या ताईंनी मला लोंबकळताना पाहिलं आणि म्हणाल्या, "नवा पत्रा कशाला? हीच पालथी करा." पेंटरने मला पालथं करून निळा रंग दिला, पांढरी अक्षरं काढली आणि भिंतीलगतच्या खांबावर बसवलं. ती जुनी मनाई अजून आहे माझ्या पाठीवर, पण भिंतीकडे तोंड करून बसली आहे. समोर सगळे बाणच बाण: स्वयंपाकघर, कायदा सल्ला, साक्षरता वर्ग. उजवीकडच्या बाणावर 'वाचा'. आजारपणात बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या संस्थेचं ते नाव. आणि तळाशी सगळ्यात मोठ्या अक्षरांत, 'सर्व सेवा विनामुल्य'. पेंटर खूश, ताई खूश, आणि मी तर काय, हवेतच.

त्याच सुमाराला काका आणि काकू येऊ लागले. काका छापखान्यात प्रुफं तपासायचे, म्हणजे छापण्याआधी चुका हुडकून काढायच्या. नोकरी संपली, पण खोड गेली नाही. औषधाच्या बाटल्या, दुकानांचे फलक, काकूंनी डब्यांवर चिकटवलेली नावं, कशाचीही सुटका नव्हती. "अगं, डाळीतला 'डा' असा काढतात का?" काकू म्हणायच्या, "अहो, शिजायला तिला शुद्धलेखन लागत नाही."

इथे येण्याच्या थोडं आधी एका सकाळी काकांचा हात लुळा पडला आणि वाचा बसली. हात बराच सुधारला, जीभ नाही. 'वाचा'तल्या बाईंनी काकूंना समजावलं, "शब्द आत आहेत, त्यांना वाट सापडत नाहीये. त्यांनी स्वतः प्रयत्न केला तर येतील." पण काका तोंडच उघडत नव्हते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. आपलाच शब्द वेडावाकडा बाहेर पडेल या भीतीने ओठ मिटून बसला होता.

काका आत असले की काकू माझ्या पायाशी असलेल्या बाकावर बसायच्या. एकदा मामांना म्हणाल्या, "घर खायला उठतं हो. लग्नापासून 'अगं, चुकलं' ऐकून कान किटले होते माझे. आता वाटतं, काढावी एकदा चूक. नुसतं 'अगं' म्हटलं तरी चालेल." मामांनी उगीच फाटकाची कडी काढून परत लावली.

काका रोज माझ्यासमोर थबकायचे. नजर हळूहळू तळापर्यंत न्यायचे आणि तिथे पोचले की घासात खडा लागल्यासारखा चेहरा करायचे. मग काकू हात धरून त्यांना पुढे न्यायच्या. मला वाटायचं, माझा रंग आवडलेला नाही. मनातल्या मनात मीही म्हणायचे, नावं ठेवायला काय जातंय.

आता मावशींची गोष्ट. स्वयंपाकघरात भाज्या चिरणाऱ्या या मावशी नुकत्याच साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या होत्या आणि दिसेल ते वाचत सुटल्या होत्या. एके दुपारी हात पुसत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"वा... चा. वाचा. बघा मामा, पाटीच सांगतेय, इकडे वाचा म्हणून."

"अहो मावशी, ते वाचा म्हणजे..."

"मला येतं आता वाचता. तुम्ही मध्ये बोलू नका."

आणि निघाल्या की बाणाच्या दिशेने. 'वाचा'ची खिडकी माझ्या बाणाच्या टोकासमोरच आहे, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं. बाई चहा आणायला गेल्या होत्या, काका एकटेच बसले होते आणि टेबलावर पेपर पडला होता.

"वाचायची खोली ना ही?" मावशींनी विचारलं. काकांनी जोरजोरात मान हलवली. मावशींनी त्याचा अर्थ सोयीने लावला, खुर्ची ओढली आणि पेपर उघडला.

"पा... लि... चे... नवे... पाऊल. पालीचं पाऊल? अहो, पेपरात पालीचं काय काम?"

काकांनी त्या शब्दावर बोट ठेवलं.

"तेच वाचलं की मी. पाल चालली तर बातमी होते होय?"

काकांनी बोट आपटलं. एकदा आपटलं, पुन्हा आपटलं. चेहरा लाल झाला, गळ्याची शीर ताठली, आणि आतून काहीतरी खरवडत वर आलं.

"के."

"काय के?"

"के. पा... लि... के... चे."

"हां, पालिकेचे. मग आधीच सांगायचं ना. एवढा वेळ गप्प कशाला बसलात?"

बाई दारात कप घेऊन उभ्या होत्या. त्यांचा अर्धा चहा बशीत गेला होता. काकू त्या दुपारी मदतीला स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मामा तिकडे धावले, "काकू, चला, काकांना वाचा फुटली."

काकू धापा टाकत आल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. ज्या माणसापुढे चुकायची सगळ्यात जास्त लाज, ते नेमकं समोर उभं होतं. काकू डोळे पुसत हसल्या आणि म्हणाल्या, "परक्या बाईची चूक काढता येते, बायकोची नाही. असू दे, असू दे."

मावशी मग रोज काम आटोपून जाऊ लागल्या. त्या चुकायच्या आणि काका अडखळत सुधारायचे. दोघांची प्रगती जोरात. इकडे काकूंनीही प्रयत्न सुरू केले. "माझी चष्मा कुठे गेली?" असं मुद्दाम विचारून काकांच्या तोंडाकडे बघत बसायच्या. काका नुसते गालात हसायचे. खोटी चूक त्यांना लगेच कळायची.

दरम्यान मावशींसारखेच आणखी काही जण वाचनालय समजून 'वाचा'त शिरू लागले. ताईंनी ठरवलं की माझ्यावर संस्थेचं लांबलचक पूर्ण नाव लिहायचं. पेंटर शिडी घेऊन आला. काका-काकू तेव्हाच फाटकातून येत होते.

"काकू, बाकी सगळं ठीक आहे ना, एकदा वाचून सांगता?" ताई म्हणाल्या.

काकूंनी चष्मा नीट बसवला आणि अगदी मन लावून मला वाचलं. "स्वयंपाकघर... कायदा सल्ला... सर्व सेवा विनामुल्य. सगळं बरोबर आहे."

"अगं, मू. दीर्घ."

शिडी हलायची थांबली. सगळे वळून माझ्या तळाकडे बघू लागले. पेंटरने 'ध'चा 'मा' केला नव्हता, पण दीर्घाचा ऱ्हस्व केला होता, आणि इतके दिवस तो माणूस माझ्या रंगाला नाही, उकाराला तोंड वाकडं करत होता. काकूंचं मात्र माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"काय म्हणालात?"

"दीर्घ."

"त्याच्या आधी."

"मू."

"त्याच्याही आधी, अहो."

काका घोटाळले. मग त्यांना उमगलं. त्यांनी चांगला हात काकूंच्या खांद्यावर ठेवला आणि एकेक अक्षर जपून, जसं छापायला जाणार असावं तसं, म्हणाले, "अगं."

काकू माझ्या खांबाला धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या.

'वाचा' तसंच राहिलं. "ती पाटी बदलली तर भाजी तुम्हीच चिरा," असं मावशींनी ताईंना सांगून टाकलं होतं. आता त्या खोलीत एक जण वाचतो आणि दुसरा बोलतो. पेंटरने माझा उकार तेवढा दीर्घ केला. तो बाकी अक्षरांपेक्षा पांढराशुभ्र दिसतो, आणि खरं सांगते, मी तो मिरवते.

तुम्हीही या कधी. आणि माझ्यात अजून एखादी चूक दिसली तर मनात ठेवू नका, मोठ्याने म्हणा. बाकावर कुणीतरी नेमकं तेच ऐकायला बसलेलं असतं.